गाळातली पाटली

विहीर उपसायची ही गोष्ट अंजनाबाईने स्वतःहून काढली, तेव्हाच सगुणाच्या मनात पाल चुकचुकली.

बोरिवलीला, स्टेशनपासून बरंच आत, एकसरच्या वाटेवर सहदेव आणि लहू या दोघा भावांचं कौलारू घर होतं. मूळचे ते मालवणकडचे. बाप गिरणीत जॉबर होता, त्याने हातपाय चालत होते तोवर ही जागा घेऊन ठेवली आणि दोन्ही सुना घरात आलेल्या बघून डोळे मिटले. नंतर घराच्या मधोमध कुडाची भिंत आली. एका बाजूला थोरला सहदेव आणि त्याची बायको अंजनाबाई, दुसऱ्या बाजूला धाकटा लहू आणि सगुणा. परसू मात्र एकच राहिलं. त्यात केळी होत्या, अळू होतं, दोन माड होते, आणि माडांच्या मध्ये बापानेच बांधून घेतलेली दगडी विहीर. रविवार आला की दोघे भाऊ परसात उतरायचे. कुंपणाच्या काठ्या बदल, माडांची आळी खण, कौलं सारखी कर, असं काही ना काही चालायचं.

विहीर उपसायचं लहू दर उन्हाळ्यात बोलून दाखवायचा, आणि दर उन्हाळ्यात अंजनाबाई मोडता घालायची. एका वर्षी म्हणाली, मामंजींचं वर्षश्राद्ध झालं नाही, आत्ता विहिरीला हात लावू नका. पुढच्या वर्षी म्हणाली, गाळ काढताना झरे बुजले तर काय पिणार? मग कधी तिची कंबर आडवी यायची, कधी सहदेवाची कारखान्यातली पाळी. आणि यंदा, अडुसष्ट सालच्या मे महिन्यात, तीच चुलीपाशी बसून म्हणाली की पाण्याला वास मारतोय, पाऊस लागायच्या आत उपसून घ्या. वास सगुणाला काही आला नव्हता. दोन्ही घरचं पाणी तीच ओढायची. अंजनाबाईचे गुडघे धरल्यापासून ती वर्षभर रहाटाकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

सगुणाने रात्री लहूला विचारलं, जाऊबाईंना यंदाच विहीर का आठवली? लहू म्हणाला, वास येतोय म्हणून. तो असाच होता. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि कुशीवर वळायचं.

सगुणाला मात्र कारण दिसत होतं. अंजनाबाईला विहिरीचा तळ सगळ्यांना दाखवायचा होता. तळ दिसला आणि त्यात पाटली नाही हेही दिसलं, की मग सगुणा चोर ठरायला काहीच बाकी राहणार नव्हतं.

पाटलीची गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. सगुणाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. गणपतीचे दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलेलं. मोदकांची उकड मळायच्या वेळी अंजनाबाईच्या डाव्या हातातली पाटली नाहीशी झाली. तिच्या आईने घातलेला जोड होता तो. तिला आठवत होतं ते एवढंच की, हात धुवायला विहिरीवर गेले, पाटली काढून कठड्यावर ठेवली. आणि त्या वेळी विहिरीवर दुसरं कोण होतं, तर सगुणा. सगुणा म्हणाली, कठड्यावरून आत पडली असेल. गळ टाकून बघितला. भाद्रपदातलं काठोकाठ पाणी, त्यात काय हाताला लागणार? मग शोधाशोध झाली ती सगुणाच्या खोलीत. पाहुण्यांच्या देखत तिची ट्रंक उघडली, लग्नातल्या साड्यांच्या घड्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी सगुणाची आई सखुबाई कांजूरमार्गहून गणपतीच्या पाया पडायला आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. निघताना दारात अंजनाबाई आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "विहीणबाई, पिशवी जरा झाडून दाखवा." सखुबाईने पिशवी उलटी केली. दोन केळी आणि प्रसादाचा मोदक ओट्यावर पडला. तो तिने तिथेच ठेवला आणि त्यानंतर ती त्या घराचा उंबरा चढली नाही.

चोर हा शब्द अंजनाबाईने कधी उच्चारला नाही. तशी गरजही नव्हती. कपाटाला कुलूप आलं, किल्ली तिच्या कमरेला आली. उजव्या हातात एक पाटली आणि डाव्यात नुसत्या काचेच्या बांगड्या, अशी ती सहा वर्षं लग्नाकार्यांतून फिरली. कुणी विचारलं की सगुणाकडे एकदा बघायची आणि मग म्हणायची, गेली कुठेतरी. आणि सगुणाला नकळत एक खोड जडली होती. जाऊबाईंच्या बाजूला काही द्यायला-घ्यायला गेली, तर परत निघताना ती पदर झटकायची, हात उघडे करायची. एकदा आरशात तिला ते स्वतःचं स्वतःला दिसलं, तेव्हा तिला रडू आलं होतं. पण खोड गेली नाही.

शनिवारी संध्याकाळी लहूने आणि शेजारच्या गुणाजीने पाणी उपसायला घेतलं. सहदेव कांदिवलीच्या रबराच्या कारखान्यात रात्रपाळीला गेला होता. सगुणाची मुलगी मेच्या सुट्टीत आजीकडे होती. अंधार पडेपर्यंत दोघांनी पाणी कमरेइतकं उरेल एवढं खाली नेलं आणि उरलेलं सकाळी काढू म्हणून थांबले.

पहाटे सगुणाला रहाटाच्या कुरकुरण्याने जाग आली. खिडकीतून पाहिलं तर अंजनाबाई विहिरीवर वाकलेली. सगुणा बाहेर आली तेव्हा ती अर्धी भरलेली कळशी कमरेवर घेऊन फिरली होती. म्हणाली, शेवटचं चांगलं पाणी, देवाला घेतलं. गुडघे दुखत असताना तिने मला का नाही उठवलं, असं सगुणाच्या मनात आलं. तिने विचारलं नाही. नुसती त्या कळशीकडे बघत राहिली.

उन्हं वर आली तोवर तळ दिसायला लागला. लहू लंगोट लावून, कडेच्या खाचांत पाय देत खाली उतरला. सहदेवही तोवर पाळीवरून आला होता. त्याने चहा घेतला आणि दोराला लागला. लहू खालून फावड्याने गाळ टोपलीत भरायचा, सहदेव आणि गुणाजी टोपली वर ओढायचे. गाळ केळीच्या बुंध्यांना घालायचा होता, त्यापेक्षा चांगलं खत नाही. अंजनाबाईने एक पाट आणून केळींपाशी टाकला आणि सगुणाला म्हणाली, "तू बस इथे. टोपली आली की हाताने चाचपून मग पसर. काय निघायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निघू दे."

सगुणा बसली. हाही सापळाच आहे, असं तिला वाटत होतं. काही निघालं नाही तर जाऊबाई म्हणणार, बघा, हिनेच चाचपलं, नाही निघालं. आणि निघालं तर? निघालं तर काय होईल याचा तिने सहा वर्षांत कधी विचारच केला नव्हता. तिला नुसतं ते निघायला हवं होतं.

पहिली टोपली म्हणजे शेवाळ आणि पाणीच होतं. दुसरीत पेजेसारखा पातळ काळा गाळ. तिने त्यात हात घातला आणि बोटांना गोल, गार, जड असं काहीतरी लागलं.

तिने हात तसाच ठेवला. अंगठ्याने चाचपलं तर पाटलीवरची वेलबुट्टी लागली. ओरडावं, सगळ्यांना दाखवावं असं पहिल्यांदा वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं की हात बाहेर काढला आणि हातात पाटली असली, तर लोक काय म्हणतील? हिच्या पदरात होती, हिनेच गाळात सोडली. गुणाजी दोराशी होता, सहदेवाची पाठ होती, आणि अंजनाबाई. अंजनाबाई ओट्यावर उभी राहून सरळ तिच्याकडेच बघत होती.

सगुणाने हात रिकामाच बाहेर काढला, चांगला उघडून वर धरला आणि म्हणाली, "भावोजी, या टोपलीत काहीतरी आहे. तुम्ही बघा."

सहदेव आला, त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि पाटली वर काढली. सहदेवने ती कळशीतल्या पाण्याने धुतली, उन्हात धरली आणि बायकोपुढे केली. अंजनाबाईने घेतली, डाव्या हातात चढवली आणि म्हणाली, "होती म्हणजे विहिरीतच." मग ती आत गेली.

पुढचा तासभर परसात जत्राच होती. गुणाजीने बायकोला हाक मारली, तिने आणखी दोघींना आणलं. जो तो सगुणाला म्हणत होता, बाई, देवाला डोळे आहेत, तुझ्यावरचा आळ गेला. सगुणा मान डोलवत होती आणि येईल ती टोपली चाचपत होती. आता काही शोधायचं उरलं नव्हतं, पण हात थांबत नव्हते. रहाटाचं मोडकं चाक आलं, कुजलेल्या दोराचे तुकडे आले, बुडाला पोचा आलेली बादली आली. गाळ आता घट्ट, निळसर, मातीसारखा यायला लागला होता. आणि त्या घट्ट गाळातून तिचं स्वतःचं पितळेचं फुलपात्र निघालं.

ते गेल्या दिवाळीत तिच्याच हातून पडलं होतं. काळं पडलेलं, आतून गाळाने गच्च भरलेलं. ती ते हातात घेऊन बसली. सहा महिन्यांपूर्वी पडलेलं फुलपात्र इतक्या खालून येतं, आणि सहा वर्षांपूर्वी पडलेली पाटली दुसऱ्या टोपलीत, वरच्या पेजेत? तिला पाटली धुतली तो क्षण आठवला. एकदा पाणी ओतलं आणि ती लखलखली. वेलबुट्टीच्या खाचांत मातीचा कणसुद्धा नव्हता.

पाटली विहिरीत पडली नव्हती. कुणीतरी टाकली होती, आणि तीही काल-आजच.

दुपारी विहिरीत चुना आणि लाल औषध टाकून झालं. लहू न्हाणीत बसला होता, अंगावर गाळ वाळून पांढरा पडलेला. सगुणा त्याच्या पाठीवर पाणी घालत होती, नारळाच्या किशीने घासत होती. तो मान खाली घालून, हलक्या आवाजात म्हणाला, "बरं केलंस. सुटलो एकदाचे."

"काय बरं केलं?"

"जाऊ दे ना. मी काही विचारत नाहीये."

सगुणाचा हात पाठीवरच थांबला. त्याला काय म्हणायचंय हे कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिने तांब्या खाली ठेवला. सहा वर्षं हा माणूस तिच्या बाजूने एक शब्द बोलला नव्हता. विरुद्धही बोलला नव्हता. भावाशी वाकडं नको म्हणून गप्प बसतो, असं ती स्वतःला सांगत आली होती. तो गप्प होता, कारण पाटली बायकोपाशीच आहे असं तो धरून चालला होता.

ती समोर येऊन उभी राहिली. "तुम्ही टाकलीत का ती खाली उतरल्यावर?"

"मी?" त्याने डोळ्यांवरचं पाणी निपटलं. "मी कुठून आणू? मला वाटलं, तू पहाटे..."

तो खोटं बोलत नव्हता. तसं बोलता येणारा माणूस नव्हता तो. सगुणा न्हाणीबाहेर आली आणि परसात उभी राहिली. तिने टाकली नव्हती. लहूने टाकली नव्हती. सहदेव रात्रभर कारखान्यात होता आणि तो आला तेव्हा विहिरीवर चार माणसं होती. पहाटे विहिरीवर वाकली होती ती एकच बाई. विहीर उपसा म्हणणारीही तीच, आणि गाळ चाचपायला पाट मांडणारीही तीच.

अंजनाबाई चुलीपाशी नारळ खवत होती. संध्याकाळी विहिरीला नैवेद्य दाखवायचा होता. सहदेव बाहेरच्या खोलीत घोरत होता. सगुणा आत आली आणि समोर बसली.

"जाऊबाई, पाटली कुठे होती?"

"म्हणजे काय? तुझ्यासमोर निघाली ना?"

"मी विहिरीचं नाही विचारत. सहा वर्षं कुठे होती?"

अंजनाबाई म्हणाली की उन्हात बसून तुझं डोकं फिरलंय. मग म्हणाली, आळ गेला त्यात समाधान मान, खोदत बसू नकोस. सगुणाने आपलं फुलपात्र मध्ये ठेवलं आणि ते कुठल्या गाळातून निघालं आणि पाटली कुठल्या गाळातून, एवढंच सांगितलं. आवाज चढवला नाही. अंजनाबाईचा खवणीवरचा हात चालू होता. करवंटी लागायला लागली तरी ती घासतच राहिली. मग तिने वाटी खाली ठेवली.

"तांदळाच्या डब्यात," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने पाटली विहिरीवर काढलीच नव्हती. उकडीसाठी तांदूळ घेताना काढली असावी, आणि ती डब्यात सरकली. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला डबा तळाला गेला, माप घालताना पाटली मापात आली. ती म्हणाली, त्याच क्षणी उठले होते तुला हाक मारायला. कुडापर्यंत आले होते. पण तोवर तुझी ट्रंक उघडून झाली होती, तुझ्या आईची पिशवी झाडून झाली होती. गावाकडच्या चार माणसांत तुझं नाव खराब झालं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगू? आज सांगेन, उद्या सांगेन, असं म्हणत वर्ष गेलं, आणि वर्ष गेल्यावर तर सांगणं आणखीच अवघड झालं.

"कपाटाला कुलूप कुणासाठी होतं मग?" सगुणाने विचारलं.

"तुला दिसू नये म्हणून."

सहा वर्षं ती किल्ली तिच्यासमोर खुळखुळत होती, आणि दर खुळखुळण्याला ती मनातल्या मनात मरत होती. तिला वाटलं, उठावं आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडावं. तिने चुलीकडे बघितलं, मग अंजनाबाईच्या हाताकडे. डाव्या मनगटात पाटली सैल झाली होती. सहा वर्षांत ती बाई बरीच वाळली होती.

"आता तुझ्यावर काही राहिलं नाही ना," अंजनाबाई म्हणाली. "सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. म्हणूनच तर केलं मी हे. विहिरीने दिली म्हण, आणि सोडून दे."

"सगळ्यांचं असू दे. यांना सांगा."

"लहूला? त्याला कशाला? तो कधी एका शब्दाने..."

"त्यांना वाटतंय मी टाकली," सगुणा म्हणाली. "आणि पुढच्या रविवारी माझ्या आईकडे चला. तिला तुम्ही सांगायचं, मी नाही. बाकी कुणाला मी बोलणार नाही."

अंजनाबाईने खूप आढेवेढे घेतले. घर फुटेल म्हणाली, हे मला माहेरी पाठवतील म्हणाली. सगुणा उठली नाही. शेवटी अंजनाबाईनेच कुडाजवळ जाऊन लहूला हाक मारली. तो टॉवेल गुंडाळलेलाच आला आणि दारात उभ्याउभ्या त्याने सगळं ऐकलं. एकदा सगुणाकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मग बाहेर जाऊन केळींना पसरलेला गाळ उगाचच फावड्याने इकडचा तिकडे करत बसला. बाहेरच्या खोलीतलं घोरणं मधेच थांबलं होतं. सहदेवने किती ऐकलं हे कुणालाच कळलं नाही. पण त्या संध्याकाळी नैवेद्याचा नारळ त्याने वाढवला आणि पहिला तुकडा सगुणाच्या हातावर ठेवला, असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दोघी जावा कांजूरमार्गला गेल्या. सखुबाईच्या खोलीत अंजनाबाई चटईच्या कडेला बसली आणि तिने जे झालं ते सांगितलं, काही न लपवता, पण भिंतीकडे बघत. सखुबाई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "माझ्या पोरीने नाही घेतली हे मला त्याच दिवशी माहीत होतं. मला सांगायला कशाला आलात?" अंजनाबाई रडायला लागली. सखुबाईने तिला रडू दिलं. नंतर आपल्या सुनेला म्हणाली, दोघींची पानं वाढ. त्या वर्षी गणपतीला ती आली. दर्शन घेतलं, सगुणाच्या बाजूला बसून जेवली, आणि अंजनाबाईच्या खोलीत पाऊल न टाकता परत गेली.

अंजनाबाईशी सगुणाचं त्यानंतर उलट बरं जमायला लागलं. आता तिच्याशी उघड भांडता यायचं. पाण्यावरून, केळीच्या घडावरून दोघी सरळ एकमेकींच्या तोंडावर बोलायच्या आणि दुपारी एकत्र पापड लाटायला बसायच्या. अडलं ते लहूपाशी. तो पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागला होता. बाजारातून तिच्यासाठी गजरा आणायचा, भाजी चांगली झाली म्हणायचा. आणि तो काही चांगलं बोलला की सगुणाला वाटायचं, याच्या मनात खरं काय आहे? सहा वर्षं हा माणूस तिच्या हातचं जेवला होता, तिच्या शेजारी निजला होता, आणि तिला काही कळलं नव्हतं. आता तरी कळतंय कशावरून?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो विहिरीचा कठडा नव्याने बांधत होता. सिमेंट कालवून झालं होतं. त्याने प्यायला पाणी मागितलं. तिने आणून दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "अजून राग आहे ना?"

"राग नाही," सगुणा म्हणाली. "तुम्ही एकदा विचारायचं होतंत. घेतलीस का म्हणून. मी नाही म्हटलं असतं."

"तू हो म्हणशील याची भीती वाटायची," लहू म्हणाला.

हे खरं असेल का, याचा तिने विचार केला. असेलही. तो तिच्याकडे बघत होता, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर काही वेगळं दिसतंय का ते बघत होती. मग तो सिमेंटचं घमेलं उचलायला वाकला. ते जड होतं. तिने दुसऱ्या बाजूने घमेल्याचा कान धरला आणि दोघांनी मिळून ते विहिरीशी नेलं.